सौरडागांच्या आत आणि आसपास: सूर्यावरच्या बारीक चुंबकीय घडामोडींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यावर मोठा डाग दिसला की बातमी येते ती त्याच्या आकाराची: पृथ्वीच्या किती पट, किती दिवस टिकणार, ज्वाला उसळणार का. माझ्या मते डागातली खरी गंमत त्याच्या आकारात नाही. ती त्याच्या आत आणि कडेला मिनिटामिनिटाला घडणाऱ्या छोट्या गोष्टींत आहे. डाग टिकतो कसा आणि विरतो कसा, हे तिथेच ठरतं. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत आणि पत्रांतून याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

सौरडाग काळा का दिसतो?

सूर्याच्या आतली उष्णता शेवटच्या टप्प्यात वर येते ती उकळत्या वायूच्या अभिसरणाने. तापलेला वायू वर येतो, उष्णता सोडतो आणि थंड होऊन खाली जातो. जिथे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र असतं, तिथे वायूला क्षेत्ररेषा ओलांडून आडवं सरकता येत नाही आणि हे अभिसरण दबतं. लुडविग बीअरमान यांनी 1941 मध्ये ही कल्पना मांडली. चुंबकीय क्षेत्र अभिसरणाला कसं रोखतं याचं काटेकोर गणित पुढे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केलं.

खालून येणारी उष्णता कमी झाली की तो भाग थंड पडतो. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचं, म्हणजे दीप्तिगोलाचं तापमान सुमारे 5,770 केल्विन असतं; डागाच्या मधल्या गाभ्याचं 4,000 केल्विनच्या आसपास. तेवढ्या तापमानालाही तो झगझगीतच असतो, पण भोवतालच्या प्रखर उजेडापुढे काळा वाटतो. या गाभ्याला प्रच्छाया म्हणतात आणि त्याच्याभोवतीच्या करड्या, तंतुमय पट्ट्याला उपच्छाया.

तिथे चुंबकीय क्षेत्र आहे हे इथून कसं कळतं?

प्रकाशावरून. चुंबकीय क्षेत्रातल्या अणूंच्या वर्णरेषा फुटून एकीच्या दोन किंवा तीन होतात, हे पीटर झेमान यांनी 1896-97 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी 1908 मध्ये डागाच्या वर्णपटात हाच परिणाम शोधून काढला. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्र सापडण्याची ती पहिली वेळ. रेषा किती फाकल्या यावरून तीव्रता काढता येते. प्रच्छायेत ती साधारण 2,000 ते 3,000 गाउस भरते, कधी त्याहूनही जास्त. पृथ्वीच्या पृष्ठभागावर हीच तीव्रता अर्ध्या गाउसच्या आसपास असते.

आता रेषेच्या फाकण्यासोबत प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात, तेही मोजतात. त्यावरून क्षेत्र उभं आहे की कललेलं आणि कोणत्या दिशेला, हेही कळतं. या लेखात पुढे जे जे येणार आहे, ते बहुतेक या कलावरूनच उलगडलं आहे.

‘बारीक’ म्हणजे नेमकं किती बारीक?

पृथ्वीवरून पाहताना सूर्यबिंबावरची एक विकला, म्हणजे एका अंशाचा 3,600 वा भाग, सुमारे 725 किलोमीटर भरते. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी साधारण 800 किलोमीटर आहे. म्हणजे एका विकलेचा तपशील दाखवणाऱ्या दुर्बिणीला अख्खा महाराष्ट्र एका ठिपक्याएवढा दिसेल. सूर्यावरच्या ‘बारीक’ गोष्टी याहून लहान असतात, तालुक्या-जिल्ह्यांच्या मापाच्या.

म्हणून हा विषय दुर्बिणींच्या वाढीबरोबर पुढे सरकत गेला. जमिनीवरून पाहताना आपलं वातावरणच चित्र हलवतं. तरबेज निरीक्षकांना जुन्या काळीही एखादा स्थिर क्षण मिळायचा, पण तो क्षणच. ला पाल्मा बेटावरच्या स्वीडिश 1 मीटर दुर्बिणीने 2002 पासून आरशाचा आकार सतत बदलून ही थरथर सुधारायला सुरुवात केली आणि 100 किलोमीटरच्या आसपासचे तपशील दिसू लागले. सप्टेंबर 2006 मध्ये जपानचा हिनोदे उपग्रह गेला. त्याची दुर्बीण जेमतेम अर्ध्या मीटरची, पण वर वातावरणच नाही, त्यामुळे तासन्‌तास न हलणारं चित्र मिळालं. हवाई बेटांमधल्या हालेआकाला पर्वतावरच्या 4 मीटरच्या इनोये दुर्बिणीने जानेवारी 2020 मध्ये टिपलेल्या डागात सुमारे 20 किलोमीटर रुंदीचे तपशील दिसतात.

काळ्या गाभ्यात उजळ ठिपके कुठून येतात?

प्रच्छायेचं चांगलं छायाचित्र उजळवून पाहिलं तर ती एकसारखी काळी नसते. तिच्यात काही शेकडो किलोमीटरांचे मंद ठिपके विखुरलेले असतात. बहुतेक 300 किलोमीटरच्या आतले. एखादा ठिपका उजळतो, दहाएक मिनिटं टिकतो, मावळतो, आणि तोवर शेजारी दुसरा उगवलेला असतो.

हे ठिपके नसते तर सौरभौतिकीवाल्यांची मोठी पंचाईत झाली असती. चुंबकीय क्षेत्राने अभिसरण पूर्ण थांबवलं असतं, तर डाग आज आहे त्याहून पुष्कळ थंड आणि काळा असायला हवा होता. म्हणजे थोडी उष्णता कुठून तरी वर येतेच. कुठून, यावर दोन मतं होती. यूजीन पार्कर यांनी 1979 मध्ये मांडलं की पृष्ठभागाखाली डाग हा अनेक चुंबकीय दोरांचा जुडगा असतो आणि दोरांमधल्या फटींतून तप्त वायू वर घुसतो. दुसऱ्या मताप्रमाणे डागाखाली एकसंध खांब असतो आणि त्याच्या आतच अभिसरणाचे अरुंद झोत फुटतात.

2006 मध्ये मानफ्रेड श्युस्लर आणि अलेक्झांडर फ्योग्लर यांनी संगणकावर दुसरा पर्याय चालवून पाहिला. तप्त वायूचा पातळ झोत वर आला, वर येताना फुगला आणि त्याने आपल्यापुरतं चुंबकीय क्षेत्र बाजूला ढकललं. ठिपका तयार झाला. या गणिताने आणखी एक भाकीत केलं होतं: प्रत्येक मोठ्या ठिपक्याच्या मधोमध एक काळसर रेघ असायला हवी, कारण झोताच्या माथ्यावर दाट झालेला थंड वायू खालचा उजेड अडवतो. पुढे चांगल्या दुर्बिणींतून ती रेघ खरोखर दिसली. न पाहिलेला, इतका बारीक तपशील आधी गणितातून येतो आणि मग सूर्यावर सापडतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत समाधान देणारं प्रकरण वाटतं.

डागाला मध्येच चिरणारी उजळ पट्टी काय असते?

तिला प्रकाशसेतू म्हणतात. प्रच्छायेच्या आरपार गेलेली ही पट्टी डागाच्या कमकुवत जागा दाखवते. तिथलं क्षेत्र बहुधा शेजारच्यापेक्षा क्षीण असतं आणि अभिसरणाला वाट मिळालेली असते. डाग फुटण्याआधी असा सेतू रुंदावत जाताना अनेकदा दिसतो. त्याच्यावरच्या थरात वायूचे फवारेही उडत राहतात, कारण सेतूचं कललेलं क्षेत्र दोन्ही बाजूंच्या उभ्या क्षेत्राशी घासत असतं.

क्षेत्र क्षीण असतं या नियमाला एक ठळक अपवाद आहे. फेब्रुवारी 2014 मधल्या एका डागसमूहात दोन विरुद्ध ध्रुवतेच्या (एक चुंबकीय उत्तर, एक दक्षिण) प्रच्छाया एकमेकींना भिडल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या पट्टीत हिनोदेला सुमारे 6,250 गाउस इतकं क्षेत्र मोजता आलं. एक प्रवाह दुसऱ्या प्रच्छायेवर जाऊन आदळत होता आणि त्या दाबाने तिथलं क्षेत्र आवळलं गेलं होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

उपच्छायेतले तंतू म्हणजे काय? आणि एव्हरशेड परिणाम काय असतो?

उपच्छाया म्हणजे डागाभोवती आखलेले लांबट तंतू. एकेक तंतू काही हजार किलोमीटर लांब आणि 150-200 किलोमीटर रुंद. 2002 मध्ये स्वीडिश दुर्बिणीने दाखवलं की अनेक उजळ तंतूंच्या मधून एक काळी शीर जाते. ठिपक्यांतल्या काळ्या रेघेचीच ही लांबट भावंडं.

आता इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण तो तामिळनाडूतल्या कोडाईकनालचा आहे. जानेवारी 1909 मध्ये जॉन एव्हरशेड तिथे डागांचे वर्णपट घेत होते. त्यांनी वर्णपटदर्शकाची चीर डागावरून अशी ठेवली की ती डागाच्या मध्यातून सूर्यबिंबाच्या कडेकडे जाईल. काचेच्या पट्टीवर उमटलेल्या रेषा सरळ यायला हव्या होत्या. गाभ्यात त्या तशा होत्याही. पण उपच्छायेत शिरताच रेषा कलायच्या: बिंबाच्या मध्याकडच्या बाजूला निळ्याकडे, कडेकडच्या बाजूला तांबड्याकडे. निळ्याकडे म्हणजे वायू आपल्याकडे येतो आहे, तांबड्याकडे म्हणजे दूर जातो आहे.

याचा अर्थ वायू डागाच्या मध्यापासून बाहेर वाहतो आहे, असाच होत होता. पण वर उसळतो की आडवा वाहतो? एव्हरशेड यांच्याकडे त्याचंही उत्तर होतं. डाग सूर्यबिंबाच्या मध्यावर असला की रेषांचा कल नाहीसा व्हायचा आणि डाग कडेकडे सरकला की वाढायचा. समोरून पाहताना आडवी गती आपल्या दिशेने नसते, म्हणून ती वर्णपटात उमटत नाही. प्रवाह आडवाच होता. हेल यांना अपेक्षा होती भोवऱ्यांची, डागाभोवती गरगर फिरणाऱ्या वायूची. कोडाईकनालच्या काचांवर सरळ बाहेर जाणारा प्रवाह निघाला, सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगाचा. हाच एव्हरशेड परिणाम. आजच्या दुर्बिणींत एकेका तंतूतला वेग याहून बराच जास्त भरतो.

उपच्छायेचं क्षेत्र एका दिशेने विंचरलेलं नसतं. एक तंतू जवळजवळ आडवा, त्याला लागून असलेलं क्षेत्र बरंच उभं, पुन्हा आडवा तंतू. आडव्या तंतूंतून एव्हरशेड प्रवाह वाहतो. वर वर्णगोलात, म्हणजे दीप्तिगोलाच्या वरच्या थरात गेलं की चित्र उलटं: तिथे वायू डागाच्या आत ओढला जातो.

मग या उभ्या-आडव्या क्षेत्रांची टक्कर होत नाही का?

होते, आणि ती दिसतेही. हिनोदेने कॅल्शियमच्या प्रकाशात उपच्छायेची चित्रं घेतली तेव्हा तंतूंच्या वर सतत बारीक चमका उठताना दिसल्या. युकिओ कात्सुकावा आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं: लांबी 1,000 ते 4,000 किलोमीटर, रुंदी 400 किलोमीटर, आयुष्य एका मिनिटाहून कमी. यांना उपच्छायेचे सूक्ष्मझोत म्हणतात. वेगळ्या दिशांची क्षेत्रं अगदी जवळ आली की क्षेत्ररेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी होते. या क्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात आणि सूक्ष्मझोतांचं हेच स्पष्टीकरण आज सर्वाधिक मान्य आहे.

इथे एक खबरदारी. चमक सेकंदाला 100 किलोमीटरहून जास्त वेगाने पुढे सरकताना दिसते, म्हणून वायूही तेवढ्या वेगाने उडतो असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. वर्णपटात वायूचा वेग मोजला तेव्हा तो त्याच्या मानाने फारच कमी निघाला. पुढे धावते ती बहुधा तापण्याची लाट. वायू जवळपास जागेवरच उजळतो. ‘झोत’ हे नाव मात्र चिकटून राहिलं.

एलरमन बॉम्ब कुठे फुटतात?

एलरमन बॉम्ब म्हणजे सूर्यावरचे छोटे स्फोट. ते डागाच्या आत नव्हे, तर त्याच्या आसपास होतात, विशेषतः जिथे नवं चुंबकीय क्षेत्र पृष्ठभाग फोडून वर येत असतं तिथे. फर्डिनंड एलरमन यांनी माउंट विल्सनवरून 1917 मध्ये त्यांची नोंद केली. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेच्या मध्यभागी काहीच फरक नसतो, पण रेषेच्या दोन्ही बाजू झळाळून उठतात. रेषेचा मध्य वरच्या थरांतून येतो आणि बाजू खालच्या थरांतून. म्हणजे स्फोट खाली, दीप्तिगोलाच्या लगत होतो आहे आणि वरचा पडदा जसाच्या तसा आहे, हे या एवढ्या खुणेवरून कळतं.

वर येणारं क्षेत्र सरळ कमानीसारखं येत नाही. ते वर-खाली नागमोडी असतं आणि त्याचे खालचे बाक जड वायूने भरून अडकून राहतात. बाकाच्या दोन्ही बाजूंच्या विरुद्ध ध्रुवता एकत्र दाबल्या गेल्या की पुनर्जोडणी होते, वरची कमान सुटते आणि अडकलेला भाग खाली राहतो. काही मिनिटांचा हा खेळ. मोठ्या कमानी मोकळ्या होऊन डाग घडायला अशा असंख्य छोट्या स्फोटांची गरज असते. 2013 मध्ये गेलेल्या नासाच्या आयरिस उपग्रहाने अतिनील प्रकाशात असेच पण याहून कितीतरी तापलेले स्फोट पाहिले, हजारो नव्हे तर दशहजारो अंशांचे. ते नेमके किती उंचीवर होतात यावर अजून वाद आहे.

डाग विरतो कसा?

झिजून. पूर्ण वाढलेल्या डागाभोवती खंदकासारखा एक पट्टा असतो. त्यात वायू सगळीकडून बाहेर वाहतो आणि त्याच्याबरोबर चुंबकीय तुकडे वाहत जातात. 1960-70 च्या दशकांत चुंबकीय नकाशांच्या मालिका घेता येऊ लागल्या, तेव्हा हे सरकते तुकडे लक्षात आले. वेग सेकंदाला अर्धा ते एक किलोमीटर. म्हणजे 15,000 किलोमीटरचा पट्टा ओलांडायला तुकड्याला चार ते आठ तास पुरतात. काही तुकडे एकाच ध्रुवतेचे असतात, काही जोडीने येतात. डागातून निघालेलं क्षेत्र असं थोडं थोडं डागाबाहेरच्या चुंबकीय क्षेत्राच्या जाळ्यात जाऊन मिसळतं आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत डाग संपतो.

प्रच्छायेत दर तीन मिनिटांनी चमकतं ते काय?

डाग आंदोलतोही. खालून ध्वनीसारख्या लहरी येतात. वर विरळ होत जाणाऱ्या वायूत त्या तीव्र होतात आणि वर्णगोलात पोचेपर्यंत धक्कालहरी बनतात. प्रत्येक धक्क्याबरोबर प्रच्छायेवर एक उजळ झळक येते, साधारण तीन मिनिटांच्या अंतराने. 1969 मध्ये याची पहिली सविस्तर नोंद झाली. त्याच लहरी पुढे उपच्छायेवरून वर्तुळाकार पसरत जाताना दिसतात. पुनर्जोडणीचा इथे संबंध नाही. चुंबकीय क्षेत्र फक्त लहरींना वाट दाखवतं.

एवढ्याशा घडामोडींमुळे मोठी सौरज्वाला भडकू शकते का?

ऊर्जा त्या पुरवत नाहीत. ती डागसमूहाच्या मोठ्या, पिळवटलेल्या क्षेत्रात साठलेली असते. पण ठिणगी बारीक असू शकते. कान्या कुसानो आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये संगणकीय प्रतिकृतींतून दाखवलं की दोन ध्रुवतांच्या सीमारेषेवर योग्य दिशेचं छोटं क्षेत्र वर आलं, तर तेवढ्यावर मोठा उद्रेक सुरू होऊ शकतो. म्हणूनच अंदाज वर्तवणारे डागाच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्या गुंतागुंतीकडे जास्त लक्ष देतात. मे 2024 मध्ये ज्या 13664 क्रमांकाच्या समूहामुळे पृथ्वीवर तीव्र भूचुंबकीय वादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेच्या आकाशातही तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला, तो समूह नुसता मोठा नव्हता. त्यात विरुद्ध ध्रुवतेचे डाग एकमेकांत घुसलेले होते.

एखादा सूक्ष्मझोत किंवा एलरमन बॉम्ब मात्र पृथ्वीवर कुठलाही परिणाम करत नाही. मोबाईल, वीज, तब्येत यांच्याशी त्याचा संबंध जोडणारे संदेश सरळ पुसून टाका.

डाग वाढले की सूर्य मंद होतो का?

उलट. डाग जास्त असतात त्या वर्षांत सूर्य सुमारे 0.1 टक्क्याने जास्त उजळ असतो. डागांबरोबर काही शेकडो किलोमीटरांहून लहान असे चुंबकीय ठिपकेही वाढतात आणि इतकं अरुंद क्षेत्र थंड न दिसता उजळ दिसतं, कारण त्याच्या तप्त भिंती बाजूने उघड्या पडतात. डाग कमी करतात त्याहून जास्त उजेड हे ठिपके वाढवतात.

भारतात यावर काम कुठे चालतं?

कोडाईकनालमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची सूर्याची छायाचित्रं सांभाळलेली आहेत, आणि शंभर वर्षांहून लांब अशी मालिका जगात थोड्याच ठिकाणी आहे. उदयपूरला फतेहसागर तलावातली वेधशाळा आहे; भोवती पाणी असल्यामुळे हवा कमी तापते आणि प्रतिमा स्थिर राहते.

पुण्याचा वाटा मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत, 1888 मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाचे वेध त्यांनी जेऊरहून घेतले. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची 20 इंची दुर्बीण इतर उपकरणांसह कोडाईकनालला गेली. पुण्यात ती परंपरा पुढे चालली असती तर, असं मला नेहमी वाटतं.

आता पुण्याच्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने बनलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल1 यानावर आहे. 2 सप्टेंबर 2023 ला यान निघालं आणि 6 जानेवारी 2024 ला ठरलेल्या कक्षेत पोचलं. सूट 200 ते 400 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात सूर्य पाहते. यातला बराचसा प्रकाश आपलं वातावरण अडवतं. दीप्तिगोल आणि वर्णगोल एकाच वेळी पाहता येत असल्याने खालच्या चुंबकीय हालचालीचा वर काय परिणाम होतो, हे त्यातून तपासता येतं.

घरच्या दुर्बिणीतून यातलं काय दिसेल?

आधी सुरक्षितता. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला पक्का बसलेला, खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर हवा. डोळ्याकडच्या बाजूला स्क्रूने बसवायचे जुने छोटे फिल्टर उष्णतेने तडकतात; ते वापरूच नका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतलं काहीही चालत नाही. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत पाहणं तर सर्वांत घातक. लहान मुलं असतील तर प्रतिमा कागदावर पाडून दाखवा आणि दुर्बिणीजवळ कुणीतरी सतत उभं राहा. मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीणही झाकून ठेवा.

अशा तयारीने 3-4 इंची दुर्बिणीतून प्रच्छाया, उपच्छाया आणि मोठ्या डागातला प्रकाशसेतू छान दिसतो. बिंबाच्या कडेजवळ उजळ ठिपक्यांची जाळी दिसते. सकाळी लवकर, छत आणि रस्ता तापायच्या आत पाहा. मोकळ्या हिरवळीवर गच्चीपेक्षा चित्र स्थिर मिळतं. सूक्ष्मझोत आणि गाभ्यातले ठिपके आपल्या आवाक्याबाहेर आहेत. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाची खास दुर्बीण असेल आणि तिचा फिल्टर रेषेच्या बाजूला सरकवता येत असेल, तर नव्याने उगवणाऱ्या डागसमूहाजवळ एलरमन बॉम्ब टिपता येतो. त्यासाठी एकाच जागेची छायाचित्रं दर अर्ध्या मिनिटाला घेत राहा आणि नंतर ती ओळीने लावून पाहा. काही चित्रांत त्याच जागी टिकून राहणारा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, तर फिल्टर रेषेच्या मध्यावर आणून पुन्हा एक चित्र घ्या. तिथे तो नाहीसा व्हायला हवा.